गुडघ्यातला गॅप कमी झालाय, तरी पायी वारी करता येईल का?

नीराकाठची

रामकृष्णहरी मंडळी.

वय ५८, उंची पाच फूट एक, वजन ७४. लोणंदजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. सासूबाई गेल्या तशी त्यांची वारी माझ्याकडे आली, आळंदी ते पंढरपूर, पायी. गेल्या आषाढीला जेजुरीपर्यंत ठीक होते. वाल्ह्याला उजवा गुडघा टम्म सुजला आणि पुढचा सगळा रस्ता दिंडीच्या ट्रकमध्ये पातेली आणि तंबूचे बांबू यांच्या मधे बसून काढला.

घरी आल्यावर हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. फोटो काढला. म्हणाले, ग्रेड टू आहे, आतल्या बाजूचा गॅप कमी झालाय, झीज आहे. चिठ्ठीवर गोळ्या आणि खाली दोन ओळी: "व्यायाम करा" आणि "गुडघ्यावर जोर देऊ नका". आता जोर न देता व्यायाम कसा करायचा ते कोण सांगणार? बाहेर पेशंटची रांग, मलाही जास्त विचारायचा संकोच वाटला.

सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं गुडघा आखडलेला असतो, मग सुटतो. जिना चढताना तितकं नाही, उतरताना जास्त दुखतं. पोरांसोबत खाली बसले की उठताना आधी दोन्ही हात जमिनीला, मग ढोपर, मग भिंत. पोरं आता माझी नक्कल करून दाखवतात.

घरात दोन पक्ष आहेत. जाऊबाई म्हणतात, गुडघा म्हणजे गाडीचं टायर, जेवढा फिरवशील तेवढा झिजणार, आता उरलंय ते राखून वापर. पुतण्या म्हणतो, काकू जिम लाव. दिंडीतले एक जण म्हणाले, निघायच्या आधी गुडघ्यात एक इंजेक्शन मारून घ्या, पंढरपूरपर्यंत बघायला नको.

माघवारी झाली, आषाढीला चार महिने आहेत. चालल्याने झीज खरंच वाढते का? आणि तयारी करायची तर कशी? बीपीची गोळी चालू आहे, साखर नाही.

गावठी_औषध

एरंडेल कोमट करून रोज रात्री चोळा. डिंक-मेथीचे लाडू सुरू करा, वंगण भरून येतं. आमच्या आईला फरक पडला.

फिजिओताई

काकू, रामकृष्णहरी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सातारा जिल्ह्यातच तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. तुमचा गुडघा हाताखाली नसताना लिहितेय, तेव्हा हे डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जोडीला धरा.

आधी तो फोटो. एक्स-रेमध्ये कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, दिसतच नाही. दिसतात ती हाडं, आणि दोन हाडांमधल्या काळ्या फटीवरून कूर्चा किती उरली असेल याचा अंदाज बांधायचा. म्हणून फोटो उभं करून काढला होता की टेबलावर झोपवून, हे आठवून बघा. झोपल्यावर अंगाचा भार गुडघ्यावर नसतो, फट आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. ग्रेडची ही शून्य ते चारची पट्टी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये ठरवली. तिच्यात हाडाची नोंद आहे, दुखण्याची नाही. माझ्याकडे ग्रेड चार असून भांगलणीला जाणाऱ्या बायका येतात आणि ग्रेड एक असून जिना बंद केलेल्याही येतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचे एमआरआय काढले होते. सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ होते. तरी शंभरातल्या ८९ जणांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड निघाला, आणि दुखणाऱ्यांत व न दुखणाऱ्यांत त्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. तेव्हा 'झीज' हा शब्द कागदावर वाचून घाबरून जाऊ नका. पन्नाशीनंतर ती बऱ्याच जणांच्या गुडघ्यात असते.

आता जाऊबाईंचं टायर. टायरला खायला लागत नाही, कूर्चेला लागतं. तिच्यात रक्तवाहिनी नाही, त्यामुळे तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टेकलं की दाबाने तिच्यातलं पाणी थोडं बाहेर येतं, उचललं की द्रव परत आत जातो. आतल्या पेशींनाही हा दाब कळतो आणि त्यानुसार त्या नवा माल तयार करतात. दाबच मिळाला नाही तर काय होतं तेही मोजलेलं आहे. मणक्याला मार बसून पाय लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यांचा स्वित्झर्लंडमध्ये अभ्यास झाला, तेव्हा वर्षभरात कूर्चा चांगलीच पातळ झालेली दिसली. राखून वापरण्याचा अर्थ वापरणंच बंद, असा घेतला तर गुडघा राखला जात नाही.

उलट बाजूचा पुरावाही आहे. २००५ मध्ये स्वीडनमध्ये मेनिस्कसचं, म्हणजे गुडघ्यातल्या गादीचं, ऑपरेशन झालेल्या ४५ लोकांवर प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीनदा, चार महिने व्यायाम दिला. खास पद्धतीच्या एमआरआयमध्ये त्यांच्या कूर्चेत पाणी धरून ठेवणारे घटक वाढलेले दिसले. ते लोक सरासरी चाळिशीतले होते आणि प्रयोग लहान होता, हे ध्यानात ठेवा. तुमचा गॅप यातून भरून येणार नाही. चार महिन्यांनी फोटो काढलात तर आजच्यासारखाच दिसेल, आणि तरीही तुम्ही जमिनीवरून भिंत न धरता उठत असाल. फरक स्नायूत पडतो. पायरी उतरताना अंगाचा भार मांडीचा पुढचा स्नायू हळूहळू सोडत नेतो. तो कमजोर असला की धक्का सांध्यावर येतो. तुम्हाला चढण्यापेक्षा उतरताना दुखतं त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून सुरुवात खुर्चीपासून करा. लाकडी खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवा, प्लास्टिकची घसरते. बसायच्या जागी घडी केलेली गोधडी ठेवून उंची वाढवा. दोन्ही पावलं कमरेइतक्या अंतरावर. हात छातीशी. उठताना पुढे झुका, नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर आलं पाहिजे, मग उठा. बसताना मनात तीन आकडे मोजत बसा, धपकन नको. समोर आरसा असेल तर गुडघ्यांकडे बघा. बहुतेक बायकांचे गुडघे उठताना एकमेकांकडे वळतात. तसं होऊ देऊ नका, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. आतली बाजू झिजलेल्यांनी यात सवलत घ्यायची नाही. दहा वेळा, विश्रांती, पुन्हा दहा. सोपं वाटायला लागलं की गोधडी काढा. नंतर उंबऱ्याइतक्या पायरीवर एका पायाने चढणं आणि सावकाश उतरणं. झोपून कंबर उचलणं, कुशीवर होऊन वरचा पाय उचलणं, ओटा धरून टाचा उचलणं, एवढं पुरे. एक दिवसाआड.

जोर किती द्यायचा याचं उत्तर दुसऱ्या दिवशीचा गुडघा देतो. दुखण्याला दहापैकी गुण द्या. व्यायाम करताना तीन-चार, अगदी पाचपर्यंत गेलं तरी चालतं. अट अशी की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे. सकाळी गुडघा सुजलेला, गरम किंवा कालपेक्षा जास्त आखडलेला असेल तर डोस जास्त झाला. पुढच्या वेळी कमी करा. बंद करू नका. डॉक्टरांच्या त्या दोन ओळी अशा एकत्र बसतात.

वारीचं खरं गणित चालण्यात नाही, एकदम चालण्यात आहे. वर्षभर घर ते अंगणवाडी आणि मग आळंदीपासून रोज पंधरा-वीस किलोमीटर. पुणे ते सासवड तर तिसाच्या आसपास, त्यात दिवेघाट. असा गुडघा वाल्ह्याला सुजला यात नवल नाही. आत्ता न सुजता जेवढं चालवतं तिथून सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. मे महिन्यात लागोपाठ दोन दिवस लांब चालून बघा, कारण वारीत विश्रांतीचा दिवस क्वचित मिळतो.

आणि वजन. गुडघेदुखीच्या जाड लोकांवर अमेरिकेत २००५ मध्ये मोजणी झाली. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो. तुम्ही जूनपर्यंत चार किलो उतरवलंत तर प्रत्येक पावलाला सोळा. डिंकाचे लाडू म्हणून जरा बेताने. एरंडेल चोळायला हरकत नाही, बरं वाटतं, पण ते कूर्चेपर्यंत पोचत नाही.

धावतोय_ठाणे

टायरवाल्या मंडळींसाठी एक भर. २०१७ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला होता. हौसेने धावणाऱ्यांत गुडघ्या-खुब्याची झीज शंभरात साडेतीन जणांना, न धावणाऱ्या बैठ्या लोकांत दहा, आणि स्पर्धेत उतरणाऱ्या पट्टीच्या धावपटूंत तेरा. सोसायटीतले लोक मला रोज सांगतात, गुडघे जातील रे. सांगणारे सगळे लिफ्टने वर जातात.

तिरकस

आकडे काढताय तर सगळे काढा. ज्यांचे गुडघे मुळातच दुखतात ते धावायला जातच नाहीत, मग धावणाऱ्यांत झीज कमी दिसणारच. हा एक मुद्दा.

दुसरा, कॉक्रेन ही वैद्यकीय प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडणारी संस्था. गुडघ्याच्या व्यायामावरच्या प्रयोगांचा तिचा आढावा २०२४ मध्ये नव्याने आला. शंभराच्या पट्टीवर दुखणं सरासरी दहाच्या आसपासच कमी होतं, आणि एवढा फरक माणसाला जाणवेल का याची शंका त्यांनीच घेतली आहे. २०२१ मध्ये ३७७ लोकांवर झालेला प्रयोगही बघा. एका गटाला जड वजनं, एकाला हलकी, एकाला नुसती माहितीची सत्रं. दीड वर्षाने तिन्ही गटांच्या दुखण्यात म्हणावा असा फरक नाही. मावशींनी व्यायाम जरूर करावा, पण फिजिओ मंडळी जेवढा ढोल वाजवतात तेवढं त्यात नाही.

फिजिओताई

तिरकसराव, दोन्ही आकडे बरोबर आहेत आणि धावणाऱ्यांबद्दलची शंकाही रास्त आहे. फक्त तो २०२१ चा प्रयोग मी असा वाचते की जिमची गरज नाही. हलक्या वजनाने जे होतं त्यापेक्षा जड वजनाने जास्त होत नाही. पुतण्याला सांगायला बरं.

सरासरी दहाच्या आसपास, हे खरं. पण समोर दुसरं काय आहे तेही बघायला हवं. सांध्यांसाठी म्हणून ग्लुकोसामिनच्या गोळ्या तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये खपतात. २००६ मध्ये अमेरिकेत १५८३ लोकांवर तपासलं, एकूणात नुसत्या दिखाव्याच्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. पेनकिलरने दुखणं उतरतं, पण बीपी वाढतं, जठर आणि मूत्रपिंड किंमत मोजतात. काकूंना बीपी आहे आणि वारीत पाणी कमी पिलं जातं, वाटेत लघवीला जागा नसते म्हणून बायका मुद्दाम कमी पितात. त्यात रोज पेनकिलर, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

इंजेक्शनचं राहिलं. काकू, ते बहुतेक स्टेरॉइडचं सांगत असणार. एखाद्या इंजेक्शनाने आभाळ कोसळत नाही, गुडघा खूप पेटला असेल तर डॉक्टर देतात आणि योग्यच देतात. पण २०१७ च्या एका प्रयोगात १४० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दिलं, तेव्हा मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्या गटापेक्षा त्यांची कूर्चा जास्त पातळ झाली, आणि दुखणं दोन्हीकडे सारखंच. तुमच्या बाबतीत माझी हरकत वेगळीच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळचं दुखणं हेच आपलं मोजमाप. ते बधिर करून अडीचशे किलोमीटर चालायचं म्हणजे कुठे थांबायचं ते कळणारच नाही.

ऑपरेशनचा विषय कुणी काढला नाही, तरी सांगते. ग्रेड दोनला सांधा बदलायचा प्रश्न येत नाही. पुढे आलाच तरी डेन्मार्कमधला २०१५ चा प्रयोग आहे. सांधा बदललेल्यांना आराम जास्त पडला, हे लपवायचं कारण नाही. पण व्यायाम, वजन, माहिती अशा ऑपरेशनाशिवायच्या उपचारांवर ठेवलेल्या ५० जणांपैकी वर्षभरात १३ जणांनीच ऑपरेशन करून घेतलं.

पायीपायी

ताई, रामकृष्णहरी. मी एसटीत क्लार्क होतो, आता ६७ चालू आहे. दोन्ही गुडघे तुमच्यापेक्षा वाईट, वारी चालू. डॉक्टरकीतलं कळत नाही, रस्त्यावरचं सांगतो.

काठी उजव्या गुडघ्यासाठी डाव्या हातात धरा. सगळे उलटी धरतात. उजवं पाऊल पडेल तेव्हाच काठी टेकली पाहिजे. आतापासून घराभोवती सवय करा, नाहीतर टाळ-पताकेच्या गर्दीत पायात येते.

दिवेघाट चढ आहे, लोक उगाच घाबरतात. चढाला गुडघा फार कुरकुरत नाही, दम लागतो एवढंच. त्रास पुणे-सासवडच्या लांबीचा आहे. त्या दिवशी मी हडपसरपर्यंत गाडीने जातो आणि पुढे चालतो. कुणी काही म्हणत नाही, आणि म्हटलं तरी माउली काही हजेरी घेत नाहीत. लोणंदला तुमचं घर जवळच, तिथे मुक्काम असेल तेव्हा पाय वर करून पडा, पाहुण्यांच्या पोळ्या लाटत बसू नका. हे मात्र नक्की कराल म्हणून आधीच सांगतोय.

खरा वैताग बसण्या-उठण्याचा. पंगत जमिनीवर, झोपणं जमिनीवर, संडास उकिडवा. मी घडीचं छोटं स्टूल ट्रकमध्ये टाकतो, तंबूत त्यावरच जेवतो. आणि मधे भोक असलेली घडीची कमोड-खुर्ची मिळते, आमच्या दिंडीत चार-पाच जणांत मिळून एक नेतो. आधी सगळे हसले, आता नंबर लागतो.

चपला नव्या नकोत. निदान दोन महिने वापरलेल्या, मागून पट्टा असलेल्या. पावसात भिजल्यावर टाचेला लागतात का ते घरीच बघून घ्या. पिशवी खांद्यावर नको, सगळं ट्रकमध्ये, जवळ फक्त पाणी आणि इरलं.

फिजिओताई

पायीपायी काका, काठीचं नेमकं सांगितलंत. उकिडवं बसण्याबद्दल एक भर घालते. बीजिंगमधल्या म्हाताऱ्या माणसांचा अभ्यास झाला आहे. तरुणपणी रोज दोन-तीन तास उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज जास्त आढळली. तिथल्या बायकांत अमेरिकेतल्या बायकांपेक्षा गुडघ्याची झीज जास्त, आणि खुब्याची मात्र फारच कमी. म्हणजे काकू, थोडा वेळ खाली बसण्याने काही होत नाही, मांडी पूर्ण सोडू नका, सोडली की वाकणंच जातं. अंगणवाडीत मात्र एका जागी तासभर नको. स्वतःसाठी बुटकं स्टूल ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठा.

नीराकाठची

सगळ्यांचे उपकार. जाऊबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, टायर नसेल पण तू काही विशीतली नाहीस. तेही खरंच.

फोटो झोपवूनच काढला होता, आठवलं. खुर्ची सुरू केली. नाक अंगठ्याच्या वर आणलं की खरंच हाताशिवाय उठता येतं, हे मला नवीनच. गुडघे आत वळतात, तेही दिसलं, उजवा जास्त. पुणे-सासवड गाडीने जायचं मनाला पटत नव्हतं, पण वाल्ह्यापासून ट्रकात बसण्यापेक्षा बरं.

तीन शंका. कुशीवर होऊन पाय उचलताना वजन लावायचं तर बाजारातला पट्टा महाग आहे, मिठाची पुडी चालेल का? एकादशीला निराहार असते, तेव्हा करू का? आणि गुडघ्यात कटकट आवाज येतो, दुखत नाही पण भीती वाटते.

फिजिओताई

मिठाची पुडी चालेल. आधी अर्धा किलो, जुन्या सुती ओढणीत गुंडाळून घोट्याच्या जरा वर बांधा, गाठ बाहेरच्या बाजूला म्हणजे टोचणार नाही. पहिले दोन आठवडे वजनाशिवायच करा.

एकादशीला खुर्ची-पायरी नको, थोडं चालणं पुरे. निराहार आणि बीपीची गोळी एकत्र आलं की उठताना चक्कर येऊ शकते.

न दुखता कटकट होत असेल तर दुर्लक्ष करा, बहुतेकांच्या गुडघ्यात होते. दुखून आवाज येत असेल, गुडघा मधेच अडकून सरळ होत नसेल, चालताना अचानक निसटत असेल किंवा ताप येऊन सुजला असेल तर मात्र व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा. पोटरी एकाच पायाची सुजून दुखायला लागली तरीही. आणि पुढचा फोटो काढायची वेळ आलीच तर उभं राहून काढायला सांगा.